टॉवेल गेला तर कळतं, बदलला तर कळत नाही

२०२७ चा सिंहस्थ तोंडावर आल्यामुळे नाशिकमध्ये पंचवटी, गंगापूर रोड आणि त्र्यंबक रस्त्याच्या बाजूला बरेच जण पहिल्यांदाच आपला फ्लॅट रोजाच्या भाड्याने द्यायला निघालेत. गेस्ट वस्तू उचलून नेतात याची धास्ती सगळ्यांनाच असते. पण नेलेली वस्तू मोजणीत त्याच दिवशी लक्षात येते. खरी फसवणूक होते ती अदलाबदलीत.

जाड टॉवेल बॅगेत जातो आणि त्याच रंगाचा पातळ टॉवेल नीट घडी घालून हँगरवर येतो. टीव्हीवर नेट चालवणाऱ्या स्टिकच्या जागी जुनी बंद पडलेली स्टिक लावलेली असते. चालू बल्बच्या जागी उडालेला. राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर जाऊन ९ व्होल्टचा येतो, मग वायफाय मधूनच बंद पडतं आणि मालक नेटवाल्याला शिव्या घालत बसतो. साफसफाईच्या मावशी नग मोजतात, नग बरोबर भरतात. बोंब मारतो तो तिसरा किंवा चौथा गेस्ट. एअरबीएनबीवर, म्हणजे घर असं भाड्याने द्यायच्या ॲपवर, नुकसानभरपाई मागायला चेक-आउटपासून १४ दिवस असतात. तोवर ते उलटून गेलेले असतात, आणि मधे इतके गेस्ट येऊन गेल्यावर नेमकं कोणाकडे बोट दाखवणार?

म्हणून नुसतं मोजू नका, ओळखा. ७५ बाय १५० सेंटिमीटरचा ५०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅम) कोरडा टॉवेल साधारण ५६० ग्रॅम भरतो, ३०० जीएसएमचा ३४० च्या आसपास. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर हा फरक लगेच दिसतो. त्याहून सोपं म्हणजे प्रत्येक टॉवेल-चादरीच्या किनारीला, आतल्या बाजूने, ठरावीक रंगाच्या दोऱ्याचे दोन टाके घाला. अडॅप्टर, स्टिक आणि इंडक्शनच्या मागच्या स्टिकरवरचा सिरीयल नंबर किंवा व्होल्टेज फोटोत वाचता येईल असं टिपून ठेवा. बल्ब एकेक लावून बघा. सगळं धरून दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे.

नाशिकला एक वेगळीच गळती आहे, ती म्हणजे रामकुंड. गेस्ट पहाटे टॉवेल घेऊन स्नानाला जातात, ओला टॉवेल पिशवीत घालून गाडीच्या डिकीत टाकतात आणि तिथूनच पुढे त्र्यंबकला. यात चोरीचा हेतू बहुतेक वेळा नसतोच. दाराजवळच्या खुंटीवर ‘घाटासाठी’ अशी चिठ्ठी लावून दोन स्वस्त पंचे अडकवा, चांगले टॉवेल वाचतात.

पट्टीचा फसवणारा भांडत नाही. तो शांतपणे म्हणतो, ‘अहो, हे आम्ही आलो तेव्हाच नव्हतं.’ यावर उत्तर चेक-इनच्या आधीच तयार पाहिजे. खोलीचे, उघड्या ड्रॉवरचे आणि टॉवेलच्या टाक्यांचे फोटो बुकिंगच्या ॲपमधल्या चॅटमध्येच पाठवा, सोबत ‘काही कमी वाटलं तर तासाभरात कळवा’ एवढी ओळ. फोन करून बोललेलं पुढे कुठेच दाखवता येत नाही.

चेक-आउट पहाटेचं असेल तर पडताळणी उजाडताच करा. काही कमी दिसलं तर आधी लाँड्रीचा हिशेब बघा. बऱ्याचदा चादर धोब्याच्या दुसऱ्या गठ्ठ्यात असते आणि संशय मात्र मावशींवर जातो, खरा दोष आपल्या आळसाचा असतो. मग गेस्टला लिहा: ‘सामान आवरताना आमचा टॉवेल चुकून तुमच्या बॅगेत गेला असावा. कुरियरने पाठवा, खर्च आम्ही देतो.’ मुंबईकडे निघालेली गाडी घोटीचा टोलनाका ओलांडायच्या आत हा मेसेज पोचला तर माणूस परत फिरण्याची शक्यता जास्त. आरोप केलात की तो हट्टाला पेटतो आणि बाथरूम घाण होतं म्हणून रिव्ह्यू टाकतो.

तरी दाद दिली नाही तर बिल आणि फोटो जोडून ॲपवर रक्कम मागा. गेस्टला उत्तर द्यायला २४ तास मिळतात, त्यानंतर कंपनीला मधे घेता येतं. ॲपच्या बुकिंगवर बाहेरून रोख डिपॉझिट घेऊ नका, ते नियमात बसत नाही. थेट बुकिंगला जरूर घ्या, पण ‘गाडी खाली उभी आहे, लगेच पाठवा’ या घाईला बळी पडून खोली बघायच्या आधी परत करू नका. घरात कॅमेरा लावायचा विचारही नको. एअरबीएनबीने घराच्या आतले कॅमेरे २०२४ पासून बंद केलेत. दाराबाहेरचा चालतो, पण लिस्टिंगमध्ये तसं लिहावं लागतं.

पोलिसांकडे जाण्याआधी किंमत बघा. भारतीय न्याय संहितेत पाच हजारांखालची साधी चोरी अदखलपात्र आहे, म्हणजे हातात एनसीची (अदखलपात्र नोंदीची) प्रत पडते आणि तपास आपोआप सुरू होत नाही. टॉवेलसाठी त्या फेऱ्या परवडत नाहीत, टीव्ही गेला तर गोष्ट वेगळी. बाकीच्या वस्तूंसाठी गेस्टचा रिव्ह्यू आहे. त्यात ‘चोर’ हा शब्द न वापरता ‘दोन टॉवेल आणि राउटरचा अडॅप्टर बदलून गेले, फोटो दिले आहेत’ एवढंच लिहा. पुढचा मालक बुकिंग घेण्याआधी तेच वाचतो.