पगारपत्रकात कपात, कार्यालयात नाव नाही

मार्च २०२४ मध्ये मी सोलच्या दक्षिणेकडील बुन्दांग भागातल्या एका खासगी संगीतवर्गात, म्हणजे तिथल्या भाषेत हागवॉनमध्ये, पियानो शिकवू लागलो. पदव्युत्तर शिक्षण सोलमध्येच झाल्यामुळे माझ्याकडे एफ-२ हा निवासी व्हिसा होता. नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या संमतीची गरज नव्हती आणि म्हणूनच आपल्याला कोणी नाडू शकणार नाही, अशा समजुतीत मी होतो.

दुपारी १ ते ७ ही वेळ ठरलेली होती. पिवळ्या व्हॅनमधून उतरलेली मुले बूट काढून एकेका चिमुकल्या खोलीत शिरत आणि सरावाच्या वहीत दहा गोल असत. एकदा वाजवले की एक गोल रंगवायचा. तीनदा वाजवून दहाही गोल रंगवणारे महाभाग प्रत्येक वर्गात असतात, आणि दाराबाहेर उभे राहून त्यांना पकडणे हा माझ्या कामाचाच भाग होता. आमच्या संचालिकाबाईंची वही मात्र मी चौदा महिने तपासली नाही.

पगार २४ लाख वॉन, म्हणजे साधारण दीड लाख रुपये. पगारपत्रकात राष्ट्रीय पेन्शनचे साडेचार टक्के, म्हणजे १ लाख ८ हजार वॉन, आणि आरोग्यविम्याचे सुमारे ८५ हजार वॉन दरमहा कापलेले दिसत. तिसऱ्या महिन्यात आरोग्यविम्याचे सुमारे दीड लाख वॉनचे वेगळे बिल घरी आले. जुलै २०१९ पासून सहा महिन्यांहून अधिक काळ राहणाऱ्या परदेशी व्यक्तीला हा विमा सक्तीचा आहे. नोकरीच्या ठिकाणी नोंद नसेल, तर बिल थेट तिच्या नावाने येते. याचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता. बाई म्हणाल्या, "कार्यालयाकडून नोंदीला उशीर होतोय, तूर्त तुम्ही भरा, मी परत देईन." चुसोकच्या सणाला त्यांनी तेलाच्या बाटल्या आणि ट्यूनाच्या डब्यांचा भेटसंच दिला, त्यामुळे पुन्हा विचारायला माझीच जीभ रेटेना.

एप्रिल २०२५ अखेर नोकरी सोडताना मी थ्वेजिक्गम, म्हणजे सेवासमाप्तीची रक्कम, मागितली. सलग एक वर्ष, आठवड्याला किमान १५ तास काम केलेल्या कर्मचाऱ्याला दर वर्षामागे ३० दिवसांच्या सरासरी वेतनाएवढी ही रक्कम सेवा संपल्यापासून १४ दिवसांत द्यावी लागते. बाईंनी शांतपणे सांगितले की तुम्ही कर्मचारी नाहीच, ३.३ टक्केवाले आहात. करखात्याच्या संकेतस्थळावर पाहिले, तर माझे उत्पन्न खरोखरच वेतन म्हणून नव्हे, तर स्वतंत्र व्यावसायिकाचे म्हणून दाखवलेले होते (३ टक्के आयकर आणि ०.३ टक्के स्थानिक कर). पेन्शन कार्यालयात चौदा महिन्यांचा एकही भरणा नव्हता. माझ्या पगारातून कापलेले पैसे सरळ बाईंच्या खिशात गेले होते.

१३५० या कामगार मदतक्रमांकावर समजले की करारात काय नाव दिले आहे यापेक्षा काम प्रत्यक्षात कुणाच्या हुकमाखाली चालते, हे महत्त्वाचे असते. सुदैवाने वेळापत्रक, उशिरा आल्याबद्दल काकाओटॉक या संदेशांच्या अ‍ॅपवर आलेल्या कानउघाडण्या, उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी मागितलेली परवानगी आणि बँकेतील जमा नोंदी, हे सारे माझ्याकडे शाबूत होते. ज्या ओरडण्याने मी तेव्हा हिरमुसलो होतो, तेच पुढे सर्वांत भक्कम पुरावा ठरले. कामगार कार्यालयात तक्रार दिल्यावर निरीक्षकाने दोघांनाही बोलावले. बाहेरच्या बाकावर बाईंनी १५ लाख वॉनचा तडजोडीचा कागद पुढे केला; माझा हिशेब २८ लाखांचा होता, शिवाय कापलेला विमा वेगळा. त्या कागदात तक्रार मागे घेतल्याचे आणि मालकावर कारवाई नको असल्याचेही लिहिलेले होते. अशी सही एकदा दिली की पुन्हा तक्रारीचा रस्ता बहुतेक बंद होतो. म्हणून रक्कम खात्यात दिसेपर्यंत कुणीही ती करू नये. थ्वेजिक्गमसाठी दावा करायला तीन वर्षांची मुदत असते, त्यामुळे तिथल्या तिथे घाईने काही ठरवण्याची गरज नसते.

पैसे दोन हप्त्यांत मिळाले. आता नव्या ठिकाणी दुसऱ्याच महिन्यात मी पेन्शन कार्यालयात जाऊन भरण्याचा दाखला मागितला. खिडकीतल्या मुलीने तो छापून दिला. त्यात एकाच महिन्याची नोंद होती, तरी घडी न घालता मी तो घरी आणला.