उजव्या गुडघ्याचा सांधा बदलल्यानंतरचे अकरा महिने
माझे वय ६७ आहे. उजव्या गुडघ्यातील कूर्चा झिजून हाडावर हाड घासू लागले होते, पाय धनुष्यासारखा बाहेर वाकला होता आणि डोंबिवली स्थानकाचा जिना चढावा लागू नये म्हणून शेवटची दोन वर्षे मी ठाण्याला बहिणीकडे जाणेही सोडले होते. अखेर सांधा पूर्ण बदलून घेतला.

रुग्णालयात सांगितले होते की दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून चालाल, आणि ते खरे ठरले. मात्र पुढचे सहा आठवडे जुन्या दुखण्याहून कठीण जातील आणि गुडघा कित्येक महिने गरम व सुजलेला राहील, हे कोणीही सांगितले नव्हते, याची तक्रार मनात अजून आहे. तिसऱ्या आठवड्यात गुडघा ७० अंशांवरच अडला होता. वेदनाशामक गोळी घेऊन अर्ध्या तासाने पलंगावर टाच मागे सरकवायची, दहा मोजायचे आणि सोडायचे, असे दिवसातून चार वेळा करावे लागे. सूनबाई मायेने गुडघ्याखाली उशी ठेवत असे. फिजिओथेरपिस्टनी ती पहिल्याच भेटीत काढायला लावली, कारण त्या आरामात गुडघा किंचित वाकलेलाच आखडतो आणि नीट सरळ न होणारा पाय पुढे चालताना लंगडतो. उशी टाचेखाली गेली. तिसऱ्या महिन्यात गुडघा ११० अंशांपर्यंत वाकू लागला, आणि ते श्रेय मी शस्त्रक्रियेइतकेच या कंटाळवाण्या व्यायामाला देईन.

आज रात्री जाग आणणारी ती कळ नाही. सलग पाऊण तास चालते. जिना चढताना आधी डावा आणि उतरताना आधी उजवा पाय टाकण्याची सवय अजून मोडलेली नाही. उतरताना कठडा लागतोच. व्रणाच्या बाहेरच्या अंगाला तळहाताएवढी त्वचा बधिर आहे, कारण छेद घेताना तिथली बारीक मज्जातंतूची शाखा कापली जाते. तिथे साडीचा काठ घासला तरी तो दुसऱ्याच कोणाच्या पायाला लागल्यासारखा वाटतो. मधूनच टक्‌ असा आवाज येतो, पण दुखत नाही.

जमीन मात्र दुरावली. मांडी घालून बसू नका असे डॉक्टरांनी बजावले आहे, त्यामुळे पन्नास वर्षे ज्या विळीवर बसून नारळ खवला, ती आता माळ्यावर आहे आणि गौरींच्या पूजेला पाटाऐवजी खुर्ची आली. हे मला वाटले होते त्याहून अधिक लागले.

खर्चाबद्दल एवढेच, की सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत करांव्यतिरिक्त ५४,७२० रुपये ठरवली आणि कृत्रिम सांधे पुष्कळ स्वस्त झाले. पण खोली, भूल, शस्त्रक्रियेचे शुल्क आणि नंतरची फिजिओथेरपी धरून अंदाजपत्रक आधीच लेखी मागून घ्यावे.

डावा गुडघाही आता कुरकुरतो आहे. त्याच्यासाठी दिवाळीनंतरची तारीख घेतली आहे.