नव्वद मिनिटांची कॅसेट आणि ऐंशीचं दशक

१९८६ साली नाशिकला आमच्या घरी एक टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट प्लेअर एकत्र, होता. मस्कतला नोकरी करणारा माझा मामेभाऊ, आमचा दादा, सुटीवर येताना कॅसेटी घेऊन यायचा. नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट, एका बाजूला एक आल्बम, दुसऱ्या बाजूला दुसरा. वर दादाच्या तिरक्या अक्षरात फक्त आल्बमचं नाव, गाण्यांची यादी नाही. त्या दशकातलं पॉप आणि रॉक मी असं ऐकलं, आणि आज चांगल्या स्पीकरवर ऐकतानाही आवडीनिवडी फारशा बदललेल्या नाहीत.

ऐंशीचं संगीत म्हणजे नुसता सिंथचा (सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज तयार करणारा कीबोर्ड) चकचकाट, असं अनेकांचं मत आहे. मला ते अजिबात पटत नाही. माझे लाडके आल्बम ज्यांनी केले, त्यांनी हाताशी असलेलं काहीतरी मुद्दाम काढून टाकलेलं आहे.

पीटर गेब्रियलचा १९८०चा तिसरा आल्बम घ्या. त्यानं ड्रमरना झांजा वाजवायला मनाई केली. पहिल्याच गाण्यात फिल कॉलिन्सचा ड्रम घुमतो आणि ते घुमणं मध्येच तुटतं, दार धाडकन बंद व्हावं तसं. ध्वनिमुद्रण ह्यू पॅडमचं. पुढे दशकभर ज्यानं त्यानं हा आवाज उचलला आणि बहुतेकांनी नासवला. इथे मात्र गाणं रात्री दुसऱ्याच्या घरात शिरणाऱ्या माणसाचं आहे, म्हणून तो अंगावर येतो.

प्रिन्सच्या 'पर्पल रेन'मधल्या (१९८४) 'व्हेन डव्ह्ज क्राय'मध्ये बेस, म्हणजे गाण्याला खालून धरणारा जाड सूरच नाही. वाजवून झाला होता, शेवटी त्यानं काढून टाकला. नाचायच्या गाण्यातून बेस काढायला छाती लागते.

ब्रूस स्प्रिंगस्टीननं तर अख्खा बँडच काढला. 'नेब्रास्का' (१९८२) त्यानं न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर एकट्यानं गायला, बँडला गाणी कळावीत एवढ्यापुरता. मग स्टुडिओत बँडबरोबर करून पाहिलं, पण ते झपाटलेपण काही येईना. अखेर खिशात घेऊन हिंडलेली तीच कॅसेट आल्बम म्हणून बाहेर आली. खुनी, कर्जबाजारी, हायवेवर गाडी हाकणारी एकटी माणसं, आणि मागे गिटार, माउथ ऑर्गन, टेपची सळसळ. हा दिवसा ऐकू नका. रात्री, घर निजल्यावर ऐका.

'ब्रदर्स इन आर्म्स'बद्दल (१९८५) थोडक्यात सांगते, कारण डायर स्ट्रेट्सचा हा आल्बम तुमच्याकडे असणारच. शेवटचं शीर्षकगीत अप्रतिम, मधली एकदोन गाणी मी सोडून देते. घ्यायचाच असेल तर सीडी घ्या. जुन्या एलपीवर जागेअभावी काही गाणी आखूड केलेली आहेत.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले तो आल्बम. केट बुशचा 'हाउंड्स ऑफ लव्ह', १९८५. आईवडिलांच्या घराशेजारच्या कोठारात तिनं स्वतःचा स्टुडिओ उभारला आणि निर्मितीही स्वतःच केली. घड्याळाकडे बघून भाडं मोजायचं नव्हतं, आणि ते ऐकू येतं. फेअरलाइट हे कुठलाही आवाज साठवून सुरांत वाजवणारं तेव्हाचं महागडं यंत्र तिनं मिरवायला वापरलं नाही, त्यातून श्वास, थंडी, भीती काढली. एलपीच्या पहिल्या बाजूचं पहिलं गाणं २०२२ साली एका मालिकेमुळे पुन्हा गाजलं आणि ३७ वर्षांनी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. मला मनापासून आनंद झाला. पण तेवढ्यावर थांबू नका.

एलपीची दुसरी बाजू, 'द नाइन्थ वेव्ह', ही सात गाण्यांची एकच गोष्ट आहे. रात्री समुद्रात एक बाई एकटी तरंगते आहे. झोप येते आहे, झोपली तर बुडेल. आधी पियानो, मग बर्फाखालचं स्वप्न, मग तिच्यावर चेटकीण म्हणून चाललेला खटला. एका गाण्यात तिचं मन घरी जातं, वाट पाहणारं माणूस दिसतं, पण त्याला ती दिसत नाही. हे मी आजही उभ्यानं ऐकू शकत नाही, बसावं लागतं. पुढे आयरिश फिडल आणि पाइप्सच्या ठेक्यावर तिचंच म्हातारपण येऊन तिला जगायला बजावतं. मग 'हॅलो अर्थ'. त्यात पुरुषांचा कोरस जॉर्जिया देशाचं लोकगीत गातो, आणि शेवटी एक दबका आवाज जर्मनमध्ये खोल, आणखी खोल असं काहीसं पुटपुटतो.

माझ्या कॅसेटवर त्यानंतर गिटारचे दोनचार सूर येत आणि खट्. बाजू संपली. आठ वर्षं माझ्यासाठी ती बाई बुडालेली होती. कॉलेजच्या हॉस्टेलवर, नोकरीच्या पहिल्या खोलीत, मी तिला बुडताना ऐकत आले.

१९९४ साली मुंबईत काळा घोड्याच्या रिदम हाऊस या दुकानातून सीडी घेतली. खट् आलाच नाही. सूर पुढे गेले आणि 'द मॉर्निंग फॉग' सुरू झालं: जॉन विल्यम्सची हलकी गिटार, उजाडलेलं आकाश, आणि परत आल्यावर आईला, वडिलांना, भावांना काय सांगायचं ते गाणारी ती. आल्बम ४७ मिनिटांचा, कॅसेटची बाजू ४५ची.

दादा तोवर कायमचा नाशिकला आला होता. मी खाली उतरून एसटीडी बूथवरून फोन लावला.

"दादा, ती वाचते रे."

"कोण?"

"पाण्यातली. केट बुशच्या कॅसेटमधली."

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "अगं, दोन-अडीच मिनिटंच तर राहिली होती."