पोटाचा पट्टा: आठ महिने वापरून

मार्चच्या पहिल्या आठवड्यात नॉर्मल डिलिव्हरी झाली आणि दहाव्या दिवशी मी पट्टा मागवला. नऊ इंच रुंद, इलॅस्टिकचा, पुढे वेलक्रो, साडेसहाशे रुपये. खोक्यावर 'पोट पूर्ववत' असं छापलेलं. पट्ट्याने माझी पाठ सांभाळली. पोट मात्र नाही.

सासूबाई म्हणत होत्या, पट्टा कशाला, जुनं मऊ लुगडं फाडून बांधू. दांडिया बाजारातल्या आमच्या घरातल्या सगळ्या बाळंतिणींची पोटं तशीच बांधली गेली. मी हट्टाने पट्टाच घेतला आणि मे महिन्यात वडोदऱ्याच्या उकाड्यात घामोळं अंगावर काढलं. आत सुती बनियन घालायला लागले तेव्हा जरा सुसह्य झालं. लुगडं नक्कीच थंड पडलं असतं, पण हे त्यांना सांगितलेलं नाही.

पहिले तीन आठवडे पट्टा सोन्यासारखा. बाळाला उचलताना, ताठ बसून पाजताना, खोकताना आधार वाटायचा. मोठ्या जावेचं सिझेरियन झालं होतं, तिलाही टाके दुखायचे ते पट्ट्याने कमी झाले होते. जेवल्यावर आणि झोपताना मात्र काढायचाच.

जूनमध्येही पोट पाच महिन्यांचं दिसत होतं. शेजारच्या बेन म्हणाल्या, "बीजुं आवे छे के शुं?" म्हणजे, दुसरं येतंय की काय? झालं! पट्टा आणखी आवळला आणि मोबाइलवर बघून सिट-अप्स सुरू केले. उठताना पोटाच्या मधोमध करंजीच्या कडेसारखा उंचवटा यायचा. मला वाटलं, स्नायू तयार होतोय. शिंकलं की लघवीचे थेंब गळायचे, ते मात्र कोणाला सांगितलं नाही. अडीच महिने असे फुकट घालवले.

शेवटी डॉक्टरांनी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. तिने उताणं झोपवून गुडघे वाकवायला लावले, डोकं किंचित उचलायला सांगितलं आणि बेंबीपाशी बोटं घातली. चार बोटं आत! पोटावर दोन उभे स्नायू असतात, त्यांना मधे जोडणारी पट्टी गरोदरपणात ताणून रुंद होते. शेवटच्या महिन्यांत ते जवळपास प्रत्येकीचं होतं. बरंचसं पहिल्या आठ आठवड्यांत आपोआप भरून येतं, पुढे गती मंदावते. दोन बोटांहून जास्त फट राहिली की त्याला डायस्टॅसिस रेक्टाय म्हणतात. ती करंजी म्हणजे फटीतून पोट वर येत होतं. आणि पट्टा फार आवळला की दाब खाली, लघवी रोखणाऱ्या स्नायूंवर जातो, ते आधीच दमलेले असतात.

मग सिट-अप्स बंद. श्वास सोडत बेंबी हळूच आत घ्यायची, लघवी रोखल्यासारखं खालून वर ओढायचं. पाठीवर झोपून एकेक टाच सरकवायची. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळायचं. बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, तेव्हा डिंकाचे लाडू आणि बेनने दिलेलं काटलुं (बाळंतिणीला देतात तो गुजराती गोड पदार्थ), दोन्ही आवरतं घेतलं. पट्टा फक्त उभ्याने काम करताना, दोन तास.

नवरात्रात उड्या मारायच्या नाहीत, असं फिजिओने बजावलं होतं. गरब्यात बे ताळीवर, म्हणजे दोन टाळ्यांच्या साध्या प्रकारावर, हळूहळू एक फेरा चालले आणि खुर्ची धरली. वडोदऱ्यात जन्मून असं नवरात्र पहिलंच!

आज फट दोन बोटांची आहे. रुंदीपेक्षा, दाबल्यावर तळाशी घट्ट लागतं की नाही, ते फिजिओ जास्त बघते. आता लागतं. थेंब थांबले. कातडी सैलच आहे, ती पट्ट्याने जाणार नव्हतीच.

घेणाऱ्यांसाठी: माप आत्ताच्या पोटाचं द्या, मी लग्नाआधीच्या कमरेचं दिलं आणि बदलून घेण्यात आठवडा गेला. बेंबीशी गाठ आली, दुखली, आत जाईना, तर पट्टा न बांधता तडक डॉक्टरकडे जा, तो हर्निया असू शकतो. वेलक्रोत साडीचे धागे अडकून चौथ्या महिन्यात पकड गेली.

नणंदेची डिसेंबरची तारीख आहे, तिने पट्टा मागितलाय. रावपुऱ्यातल्या शिंप्याकडून वेलक्रो बदलून देणार आहे, सोबत फिजिओचा नंबर.