नेटफ्लिक्सची ओपन कनेक्ट व्यवस्था: प्रेक्षकाच्या नजरेतून

रात्री साडेनऊच्या ऐन गर्दीतही नेटफ्लिक्सवर चित्रपट दोन-तीन सेकंदांत सुरू होतो, आणि याचे श्रेय मी कंपनीने २०१२ मध्ये जाहीर केलेल्या ओपन कनेक्ट या वितरण व्यवस्थेला देतो. इंटरनेट पुरवठादारांच्या केंद्रांतच सर्व्हर बसवून, लोक पुढे काय पाहतील याचा अंदाज बांधून, वर्दळ कमी असलेल्या वेळी त्यांच्यावर फायली आधीच भरून ठेवल्या जातात; ही दूरदृष्टीच मला या व्यवस्थेचा गाभा वाटते, कारण ऐन मागणीच्या वेळी दूरवरून फायली आणण्याचा भार त्यामुळे बराच टळतो. सर्वाधिक पाहिले जाणारे कार्यक्रम वेगवान फ्लॅश साठवणीवर, तर मोठा संग्रह हार्ड डिस्कवर, ही विभागणीही विचारपूर्वक केलेली आहे.

एकच चित्रपट अनेक दर्जांत साठवावा लागत असल्याने जागा भरपूर खर्ची पडते, पण ती सत्कारणी लागते, कारण इंटरनेटचा वेग घटला की चित्र न थांबवता त्याच चित्रपटाची कमी दर्जाची प्रत दाखवता येते. परवा घरचे वायफाय मंदावले, तेव्हा पडद्यावरच्या चेहऱ्यांच्या कडा क्षणभर धूसर झाल्या, सबटायटल मात्र ठळकच राहिले, आणि चित्र न थांबता मिनिटभरात पुन्हा स्वच्छ झाले. महिन्याची वर्गणी भरताना मी नव्या मालिकांइतकेच मोल या अखंडपणाला देतो.