क्यूजीआयएस: मोजणीचा डेटा साइटनिहाय लावायला कितपत कामाचं?

नागपूरच्या आसपास हिंगणा, बुटीबोरी, कामठी अशा चार-सहा साइट एकाच वेळी चालणाऱ्या मोजणीच्या ऑफिसला क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर परवडतं, कारण ते फुकट आहे. पण त्यात ‘प्रोजेक्ट’ आहे, ‘साइट’ नावाची सोय नाही. आणि क्यूजीझेड प्रोजेक्ट फाइलमध्ये फक्त मांडणी राहते: कोणता लेअर (नकाशावरचा एकेक थर) कुठून घ्यायचा, रंग कोणता. मोजलेले पॉइंट तिच्यात नसतातच. नुसती ती फाइल मेल केली की समोरच्याकडे लेअर सापडत नाहीत, ते यामुळे.

आमच्या मते एका प्रोजेक्टला एक जिओपॅकेज, म्हणजे अनेक टेबलं एकत्र ठेवणारी डेटाची एक फाइल (.gpkg), ठेवावं. आत तीन टेबलं पुरतात: साइटची हद्द, कंट्रोल पॉइंट (मोजणीचे पक्के संदर्भबिंदू), मोजलेले पॉइंट. प्रत्येक साइटची वेगळी फाइल करू नका. पुढे एक कॉलम वाढवायचा झाला तर सगळ्या फाइली उघडत बसावं लागतं. पॉइंटच्या टेबलात साइट-कोडचा कॉलम घ्या, त्याला ‘व्हॅल्यू रिलेशन’ विजेट (दुसऱ्या टेबलातून यादी दाखवणारा रकाना) लावा आणि ‘नॉट नल’ करा, म्हणजे तो रिकामा सोडता येणार नाही. कोड यादीतूनच निवडावा लागला की ‘वाडी’, ‘वाडी १’, ‘वाडी नवीन’ हा गोंधळ होत नाही. मौजा, खसरा क्रमांक, पटवारी हलका एकदाच, साइटच्या टेबलात. शेपफाइल हा नकाशाच्या डेटाचा जुना फाइल-प्रकार या कामाला नकोच: कॉलमच्या नावाला १० बाइट मिळतात आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं.

मोजणीच्या आकड्यांची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळी केलेली साधी यादी) आत घेताना खरी गंमत होते. बऱ्याच कंट्रोलरमधून (मोजणीच्या यंत्राच्या हातातल्या उपकरणातून) आधी नॉर्दिंग (उत्तरेकडचं अंतर), मग ईस्टिंग (पूर्वेकडचं) येतं. क्यूजीआयएसला एक्स म्हणून ईस्टिंग द्यायचं. यूटीएम या मीटरमधल्या निर्देशांक-पद्धतीत पृथ्वीचे ६-६ अंशांचे झोन असतात. नागपूर झोन ४४ मध्ये, म्हणजे क्यूजीआयएसमध्ये निवडायचा कोड ईपीएसजी ३२६४४. शहरात ईस्टिंग ३ लाखांच्या आणि नॉर्दिंग २३ लाख ४० हजारांच्या आसपास दिसायला हवं. चुकून ३२६४३ निवडलं तर पॉइंट बरोबर ६ अंश पश्चिमेला, गुजरातेत बारडोलीच्या आसपास जाऊन पडतात. मात्र अमरावती शहर खरोखरच झोन ४३ मध्ये आहे; ७८ रेखांश ओलांडणाऱ्या रस्त्याच्या कामाला एकच झोन ठरवून घ्या. दुसऱ्या झोनमधला डेटा आणायला ‘रीप्रोजेक्ट लेअर’ चालवा. ‘सेट लेअर सीआरएस’ने (सीआरएस म्हणजे निर्देशांक-पद्धत) फक्त लेबल बदलतं, आकडे तेच राहतात.

एक साइट पाहायची तर लेअरची नक्कल करून साइट-कोडचा फिल्टर लावायचा आणि साइटच्या नावाच्या ग्रुपमध्ये ठेवायची. एडिटिंग चालू असताना फिल्टर बदलता येत नाही, हे जरा चिडवतं. छपाईला अ‍ॅटलास ही सोय उत्तम: साइटचं टेबल कव्हरेज लेअर (ज्याच्या प्रत्येक नोंदीला एक पान) केलं की प्रत्येक साइटचं पान आपोआप निघतं. आमच्या लेखी या एका सोयीसाठी तरी हे सॉफ्टवेअर शिकावं.

कमजोर जागा म्हणजे एकाच जिओपॅकेजवर दोघा-तिघांचं एकदम काम. नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवलं तर ‘डेटाबेस लॉक्ड’ येतं, कधी फाइलही बिघडते. तिथे पोस्टजीआयएस, म्हणजे अनेकांना एकदम वापरता येणारा सर्व्हरवरचा डेटाबेस, लागेल. बॅकअप घेताना क्यूजीआयएस आधी बंद करा. चालू असताना शेजारी ‘-वॉल’ (-wal) शेपटीची फाइल दिसते, नुकत्याच केलेल्या नोंदी तिच्यात असू शकतात, आणि नुसती जीपीकेजी (जिओपॅकेजची फाइल) पेनड्राइव्हवर घेतली तर त्या मागे राहतात. क्यूफील्ड या क्यूजीआयएसच्या मोबाइल अ‍ॅपवरून आलेल्या फोटोंचंही तसंच: टेबलात फक्त फोटोच्या फाइलचा पत्ता असतो, म्हणून फोटोंचं डीसीआयएम फोल्डर सोबत उचला.