पुनावळ्यातील दोन बीएचके : ताब्यानंतरच्या पहिल्या वर्षाचा अनुभव

पिंपरी-चिंचवडच्या पश्चिम टोकाला, मुंबई-बंगळूर महामार्गालगत असलेल्या पुनावळे येथे आम्ही 2023 च्या अखेरीस बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पात दोन बीएचके सदनिका घेतली आणि 2025 च्या सुरुवातीला तिचा ताबा मिळाला. एक उन्हाळा, एक पावसाळा आणि बहुतेक हिवाळा या घरात काढल्यानंतर हा अनुभव लिहीत आहे. विकासकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे येणाऱ्या बऱ्याच गोष्टी ताथवडे, रावेत, मारुंजी किंवा थेट दुसऱ्या टोकाच्या वाघोलीतील मोठ्या प्रकल्पांनाही कमीअधिक फरकाने लागू पडतील. आमच्या बाबतीत कागदपत्रांवर जे होते ते जवळपास सगळे खरे निघाले. रोजच्या जगण्यात जे जड गेले, ते मात्र किंमतपत्रकावर नव्हते आणि करारनाम्यातही नव्हते.

प्रथम खरेदीच्या वातावरणाविषयी. हिंजवडीच्या आयटी पार्कमुळे या पट्ट्यात मागणी इतकी आहे की विक्री कार्यालयात ग्राहकाला बसायला जागा देण्याआधी त्याचा मोबाइल क्रमांक नोंदवून घेतला जातो. ही नोंद वरवर वाटते तितकी साधी नाही. तुमची पहिली भेट ज्या चॅनल पार्टनरच्या, म्हणजे दलालाच्या नावावर पडते, त्याचे कमिशन तुमच्या व्यवहाराला चिकटते आणि पुढे तुम्ही थेट गेलात तरी त्या रकमेइतकी सवलत मागायला जागा उरत नाही. त्यामुळे एखाद्या संकेतस्थळावर केवळ कुतूहलापोटी क्रमांक टाकणेही महागात पडू शकते. दुसरी गोष्ट म्हणजे घाई. रविवारनंतर दर वाढणार, या मजल्यावर शेवटचे दोनच फ्लॅट शिल्लक आहेत, हे आम्ही ज्या ज्या ठिकाणी गेलो तेथे जवळपास त्याच शब्दांत ऐकले. दर खरोखर वाढत होते, हे मान्य करावे लागेल. पण ते रविवारच्या मुहूर्तावर वाढत नव्हते. आमच्या प्रकल्पात पंधरवड्यानंतरही तोच दर, तोच मजला आणि वर मॉड्युलर किचनची ट्रॉली देऊ केली गेली.

या घाईला लगाम घालणारा कायदा आहे आणि तो हाताशी ठेवावा. स्थावर संपदा अधिनियम 2016 च्या कलम 13 नुसार नोंदणीकृत करारनामा होण्याआधी विकासक किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ शकत नाही, आणि महारेराचा, म्हणजे या अधिनियमाखालील राज्याच्या नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक मिळण्यापूर्वी प्रकल्पाची जाहिरात किंवा विक्री करता येत नाही. तरीही ‘ईओआय’ (एक्स्प्रेशन ऑफ इंटरेस्ट, म्हणजे खरेदीची इच्छा कळवणे) या नावाखाली नोंदणीपूर्वी धनादेश घेण्याची पद्धत सर्रास दिसते. आम्ही तो मार्ग टाळला. त्यामुळे ज्याला प्री-लाँच दर म्हणतात तो हुकला, पण मंजूर नकाशा आणि प्रकल्पावरील बोजा हे दोन्ही महारेराच्या पानावर वाचूनच सही करता आली.

आता किंमत. करारमूल्य 72 लाख रुपये होते. पुणे परिसरात मुद्रांक शुल्क 7 टक्के आणि केवळ महिलेच्या नावे खरेदी असल्यास 6 टक्के. आम्ही घर पत्नीच्या एकटीच्या नावे घेतल्याने ते 4 लाख 32 हजार झाले. पूर्वी ही सवलत घेतल्यास 15 वर्षे ते घर पुरुषाला विकता येत नसे. ती अट 2023 मध्ये काढून टाकण्यात आली, म्हणूनच हा पर्याय आम्हाला पटला. नोंदणी शुल्काला 30 हजारांची कमाल मर्यादा आहे. बांधकाम सुरू असल्याने 5 टक्के जीएसटी, म्हणजे 3 लाख 60 हजार. एकूण 8 लाख 22 हजार करारमूल्याच्या वर गेले. बँका कर्जाचे प्रमाण ठरवताना हा खर्च घराच्या किमतीत धरत नाहीत, आणि आमच्या कर्जाच्या टप्प्यात 80 टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळते. म्हणजे 57 लाख 60 हजारांचे कर्ज मिळूनही साडेबावीस लाखांहून अधिक रक्कम स्वतःची हवी. ‘वीस टक्के भरा आणि घर घ्या’ हे वाक्य ऐकून आलेली कितीतरी जोडपी विक्री कार्यालयातील हिशेबाच्या कागदावर येऊन थबकताना आम्ही पाहिली. शिवाय 50 लाखांवरील व्यवहारात 1 टक्का टीडीएस, म्हणजे विक्रेत्याच्या नावे जमा होणारा प्राप्तिकर, खरेदीदारानेच कापून भरायचा असतो. तो किमतीतूनच जातो, वेगळा पडत नाही. पण प्रत्येक हप्त्याच्या वेळी त्यासाठीचा अर्ज (आमच्या वेळी 26क्यूबी) भरण्याची आठवण बँक किंवा विकासक करून देईलच असे नाही.

एकट्या पत्नीच्या नावे घर घेण्याची दुसरी बाजू अशी की सहकर्जदार असूनही पती मालक नसल्याने त्याला प्राप्तिकरात व्याजाची वजावट मिळत नाही. नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाला तसेही वजावट नाही, म्हणून आम्हाला फरक पडला नाही. जुनी प्रणाली वापरणाऱ्यांनी मात्र 72 हजारांच्या बचतीसमोर हा हिशेब मांडून पाहावा.

कर्जाबाबत नशीब आमच्या बाजूने राहिले. 2025 च्या फेब्रुवारी ते डिसेंबर या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो, 6.5 टक्क्यांवरून 5.25 टक्क्यांवर आला आणि आमचा दर रेपोशी जोडलेला असल्याने तो पावणेनऊवरून साडेसातवर उतरला. वीस वर्षांच्या मुदतीसाठी हा हप्त्यातील सुमारे साडेचार हजारांचा फरक आहे. मात्र दर कमी झाल्यावर बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत घटवली होती. हप्ता कमी करून हवा असल्यास तसा अर्ज द्यावा लागतो. आम्ही विचार करून मुदत घटलेलीच ठेवली, कारण खालच्या मजल्यावरचे भाडेकरू आमच्यासारख्याच सदनिकेसाठी आमच्या हप्त्याच्या साधारण निम्मी रक्कम भरतात, हे रोज डोळ्यांसमोर असताना कर्ज लांबवावेसे वाटत नाही.

घराच्या आतील अनुभव चांगला आहे. चटई क्षेत्र करारात लिहिल्याप्रमाणे भरले. टेप घेऊन आम्ही प्रत्येक खोली मोजली. भोगवटा पत्र, म्हणजे इमारत राहण्यास योग्य असल्याचा पालिकेचा दाखला, हाती आल्यावरच ताबा घेतला. इमारत ‘मायवान’ पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंतींसकट ओतलेल्या काँक्रीटची आहे, आणि याचे परिणाम राहायला आल्याशिवाय कळत नाहीत. विटांच्या भिंतींना जोडाजवळ जशा भेगा जातात तशा येथे दिसल्या नाहीत. परंतु भिंतीत खिळा जात नाही, हॅमर ड्रिल लागते. विजेचा एखादा पॉइंट हलवायचा म्हटले तर भिंत फोडता येत नाही, ती संरचनेचाच भाग असते. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेकडील शयनगृहाची भिंत रात्री उशिरापर्यंत गरम राहते. आणि दिवाणखान्यातील वायफाय आतल्या खोलीत क्षीण होते. स्विचबोर्डांची जागा बुकिंगच्या वेळीच, तो मजला ओतला जाण्यापूर्वी, पलंग आणि कपाट कोठे येणार हे ठरवून सांगून ठेवावी. आमच्या विकासकाने एक-दोन बदल विनामूल्य करून दिले.

पहिल्याच जोरदार पावसात स्वयंपाकघराच्या खिडकीच्या चौकटीतून पाणी आत आले. ताब्यापासून पाच वर्षांत आढळलेले बांधकामातील दोष विकासकाने विनाशुल्क, 30 दिवसांच्या आत दुरुस्त करावेत अशी तरतूद अधिनियमाच्या कलम 14 मध्ये आहे. फोनवरच्या तक्रारीला उत्तर मिळाले नाही. कलमाचा उल्लेख करून छायाचित्रांसह ईमेल पाठवल्यावर माणसे आली आणि सिलिकॉन बदलून गेली. त्यानंतर गळती नाही.

सर्वांत अधिक लिहावेसे वाटते ते पाण्याविषयी. पिंपरी-चिंचवडला मुख्यतः पवना धरणातून पाणी मिळते आणि 2019 च्या नोव्हेंबरपासून शहरात दिवसाआड पुरवठा आहे. ही गोष्ट कोणी लपवलेली नाही, वर्तमानपत्रांत वेळोवेळी येते. पण नमुना सदनिकेतील शॉवर पाहताना ती कोणाच्या मनात येत नाही. शहरी पुरवठ्यासाठी माणशी रोज 135 लिटर हे प्रमाण धरतात. साडेतीनशे सदनिकांच्या संकुलात घरटी चार माणसे धरली तर रोजची गरज 1 लाख 89 हजार लिटर होते, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळपास एकोणीस टँकर. नळाचे पाणी आणि बोअरवेल मिळून यातला जो भाग भरून निघत नाही, तो टँकरने येतो. हिवाळ्यात टँकर क्वचित दिसतो, मार्चपासून फाटकाबाहेर रांग लागते आणि भावही तेव्हाच चढतो. टँकरचे पाणी बहुधा भूजलाचेच असल्याने ते जड असते. आमच्या गिझरच्या कॉइलवर पहिल्याच वर्षी क्षारांचा जाड थर बसला आणि नळांच्या जाळ्या महिन्या-दोन महिन्यांनी व्हिनेगरमध्ये भिजवाव्या लागतात.

या खर्चाचा भार कोणावर, हा प्रश्न बुकिंगच्या वेळी विचारण्यासारखा आहे. बांधकाम परवानगी देताना, पालिकेचे पुरेसे पाणी मिळेपर्यंत विकासक पाणी पुरवील अशा आशयाचे हमीपत्र या भागात घेतले जाते. परवानगीच्या प्रती महारेराच्या पानावर उपलब्ध असतात आणि त्यांतील अटी बारीक अक्षरांत असल्या तरी वाचता येतात. प्रत्यक्षात आमच्याकडे दोन वर्षांचा देखभाल खर्च महिना 3,150 रुपये या दराने आगाऊ घेतला गेला, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे एकूण 89 हजारांहून थोडे अधिक. आणि उन्हाळ्यात टँकरसाठी वेगळी वर्गणी काढण्यात आली. रहिवाशांनी हमीपत्राची प्रत पुढे ठेवल्यावर वर्गणीचा काही भाग विकासकाने उचलला. हे हमीपत्र करारापूर्वी वाचलेले कुटुंब आमच्या संकुलात एकच होते, आणि त्या घरातील आजोबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले होते.

रस्त्यांचे वर्णन थोडक्यात पुरे आहे. हिंजवडी नकाशावर जवळ आहे आणि सकाळी नऊ वाजता ती दूर जाते. महामार्गाखालचा पुनावळ्याचा भुयारी मार्ग अरुंद आहे, पावसाळ्यात तेथे पाणी साचते, आणि जाहिरातीतील ‘आयटी पार्कपासून अमुक मिनिटे’ हे अंतर बहुधा रविवारी पहाटे मोजलेले असावे. घर ठरवण्यापूर्वी कामाच्या दिवशी, शक्यतो जुलैमध्ये, स्वतःच्या कार्यालयाच्या वेळेला एकदा जाऊन-येऊन पाहावे. विक्री कार्यालयातील भिंतीवर हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोचे मोठे चित्र होते. 23 स्थानकांच्या या मार्गाचे भूमिपूजन 2018 च्या डिसेंबरात झाले. तो मार्ग पुनावळ्यातून जात नाही, हे चित्रात स्पष्ट होत नव्हते.

विकास आराखडा पाहण्याचा आग्रह मात्र मी प्रत्येकाला करीन. पुनावळ्यात कचरा डेपोचे आरक्षण कित्येक वर्षे होते. रहिवाशांच्या मोठ्या विरोधानंतर ते रद्द करण्याची घोषणा 2023 च्या हिवाळी अधिवेशनात झाली. आम्ही नेमके त्याच सुमारास घर शोधत होतो आणि ज्या प्रकल्पांत दर आश्चर्यकारक कमी वाटले त्यांचे कारण आराखड्यावर बोट ठेवल्यावर कळले. पूररेषांचेही तसेच आहे. नदीकाठच्या जमिनीसाठी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखलेली असते. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेतील 36 बंगले 2025 च्या मे महिन्यात पाडले गेले. त्याच महिन्यात शहराचा सुधारित प्रारूप आराखडाही प्रसिद्ध झाला, तेव्हा आज घर पाहणाऱ्याने जुन्या आराखड्यावर विसंबून राहू नये.

वाहनतळाबाबत एक तक्रार आहे. करारात ‘एक आच्छादित वाहनतळ’ एवढेच लिहिले होते आणि ताब्याच्या दिवशी दोन खांबांमध्ये बसवलेली अशी जागा मिळाली की मोठी गाडी लावल्यावर चालकाच्या बाजूचे दार पूर्ण उघडत नाही. वाहनतळाचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि स्थान करारनाम्यात नमूद करावे असा आदेश महारेराने 2024 च्या एप्रिलमध्ये काढला, आमच्या करारानंतर. आता घेणाऱ्यांनी तो तपशील भरलेला आहे का ते पाहिल्याशिवाय सही करू नये.

जलतरण तलाव टँकरच्या महिन्यांत बंद असतो. व्यायामशाळा बरी आहे. ज्याच्या छायाचित्रांवर आम्ही भाळलो होतो तो गच्चीवरील बगीचा संध्याकाळी ज्येष्ठ नागरिकांनी खरोखर वापरात आणला आहे, आणि संकुलातील शेजार ही या खरेदीतली आम्हाला न मोजता मिळालेली जमेची बाजू आहे.

51 टक्के सदनिकांचे बुकिंग झाल्यावर तीन महिन्यांत सहकारी संस्था स्थापन करण्यासाठी विकासकाने अर्ज करणे नियमाने अपेक्षित असते. आमची संस्था रहिवाशांनी पाठपुरावा केल्यावर नोंदली गेली असून जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे तिची मालकी संस्थेच्या नावे करून देणे, अद्याप बाकी आहे. आगाऊ घेतलेल्या देखभाल रकमेचा लेखापरीक्षित हिशेब संस्थेने लेखी मागितला आहे आणि त्यात टँकरचा खर्च महिन्यानुसार वेगळा दाखवावा, असे सर्वसाधारण सभेत ठरले आहे. रोज सकाळी हिंजवडी गाठावी लागत नाही, घरून काम करता येते किंवा कार्यालय रावेत-निगडीच्या बाजूला आहे अशा कुटुंबाला मी याच संकुलातील पुनर्विक्रीची सदनिका सुचवीन. त्यात जीएसटी नाही, आणि एप्रिलमध्ये फाटकाशी उभे राहून टँकरची रांग आधी पाहता येते.